माझा फोटो म्हणजे नक्की कोणाचा?

श्रावणातला सोमवार, इकडे स्टुटगार्टला दुपारच्या सुट्टीत फोन उघडला तर गावाच्या ग्रुपवर दीडशेच्या वर मेसेज. म्हटलं कोणी गेलं की काय. तर नाही, कानबाई गेली होती. म्हणजे आमच्या खानदेशात श्रावणात बसवतात त्या देवीचं विसर्जन झालं होतं, आणि एका पोराने त्याच्या नव्या मोबाईलवर काढलेले वीसबावीस फोटो धडाधड टाकले होते. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाया, फुगड्या, गुलाल, वाजंत्री, आणि एका फोटोत आमची काकू, तोंडभर हसतेय, पदर खांद्यावरून घसरलेला, मागे चिखल.

आणि त्याच्यावर भांडण. एक पार्टी म्हणे आमच्या घरच्या बायांचे फोटो कोणाला इचारून टाकले, उद्या कोण कुठं फिरवेल भरोसा आहे का. दुसरी पार्टी म्हणे भर रस्त्यावर निघालेली मिरवणूक आहे, लपूनछपून काढले का, आणि पोराने स्वतः काढलेत, त्याचे फोटो आहेत, तो टाकेल. मग कोणीतरी मला टॅग केलं, ‘भाऊ तुमच्या जर्मनीत काय नियम आहे सांगा यांना.’ परदेशातल्या माणसाला गावाच्या भांडणात असंच बोलावतात, पंच म्हणून, आणि निकाल पटला नाही की लगेच ‘तुम्हाला काय कळतं तिकडे बसून’.

तर नियम असा आहे. इथे 1907 सालचा एक कायदा आहे, अजून चालू आहे, की ज्याचा फोटो आहे त्याच्या संमतीशिवाय तो चारचौघांत पसरवायचा नाही. माणूस गेल्यावरही दहा वर्षं घरच्यांना विचारावं लागतं. याच्यामागे किस्सा आहे, 1898 मध्ये बिस्मार्क वारला तेव्हा दोन फोटोग्राफर रात्रीतून त्याच्या खोलीत घुसले आणि प्रेताचा फोटो काढून विकायला निघाले. कोर्टकचेरी झाली, आणि त्या गडबडीतून पुढे हा कायदा आला. पण त्याच कायद्यात सवलत पण आहे, सभा असेल, मिरवणूक असेल तर तिचा फोटो चालतो, प्रत्येकाला विचारत बसायची गरज नाही. म्हणजे कानबाईची मिरवणूक स्टुटगार्टच्या रस्त्यावरून निघाली असती तर पोराचे बरेचसे फोटो पास झाले असते. पण काकूचा तो एकटीचा, झूम करून काढलेला फोटो नाही. तो मिरवणुकीचा फोटो नाही, तो काकूचा फोटो आहे.

हे मी लिहिलं तर दोन्ही पार्ट्यांनी आपापल्या कामाचं अर्धं अर्धं वाक्य उचललं.

मला यातली खरी गंमत मराठीतच आहे असं वाटतं. ‘हा माझा फोटो’ असं काढणारा पण म्हणतो आणि ज्याचा काढला तो पण म्हणतो, आणि दोघं खरं बोलतात. आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात साधारणपणे काढणाऱ्याची मालकी असते, पण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची, वेगळं काही ठरलं नसेल तर, पैसे देणाऱ्याची. म्हणजे लग्नातला फोटोग्राफर स्वतःच्या जाहिरातीसाठी तुमच्या पोरीचा हळदीचा फोटो लावतो ना, त्याने आधी विचारायला पाहिजे. कोणी विचारत नाही आणि कोणी भांडत पण नाही, उलट ‘आपला फोटो लागला दुकानात’ म्हणून चार लोकांना दाखवून आणतात. पण पोराने कानबाईचा टाकला की इज्जत आठवते. हे मला पटत नाही.

आणि दुसरं, त्या दीडशे मेसेजमध्ये फोटोतल्या एकाही बाईचा मेसेज नव्हता. ग्रुपमध्ये बायाच मुळात बोटावर मोजण्याइतक्या. मी संध्याकाळी काकूला फोन लावला, म्हटलं तुझा फोटो टाकला ते आवडलं का नाही. तिला आधी भांडण झालंय हेच माहीत नव्हतं. मग म्हणे, ‘टाकला तं टाकला रे, पन मले इचारलं असतं तं चांगलं लुगडं नेसून उभी राह्यली असती.’ झालं. अख्ख्या गावाच्या पुरुषांनी जो मुद्दा दिवसभर कुटला तो तिचा मुद्दाच नव्हता, पण विचारायला पाहिजे होतं हे मात्र तिने बरोबर सांगितलं.

बाकी मी स्वतः काही धुतल्या तांदळाचा नाही. दोन वर्षांपूर्वी जूनच्या वादळात कापणीला आलेला केळीचा मृगबाग, म्हणजे आधीच्या मृगात लावलेली केळी, आडवा झाला होता, ग्रुपवर एकामागून एक फोटो, मोडलेले खांब, जमिनीला टेकलेले घड, लोक विम्याचं विचारत होते, पंचनाम्याला कोण येणार विचारत होते, आणि मी मध्येच आल्प्समधला बर्फात उभा असलेला स्वतःचा फोटो टाकला. खाली लिहिलं ‘इकडे जूनमध्ये पण बर्फ!’ चर्चा चालू आहे हे दिसलंच नव्हतं, वर स्क्रोल करायचा कंटाळा. कोणी काही बोललं नाही, एकाने फक्त अंगठा दाखवला. तो अंगठा मला अजून आठवतो. तेव्हापासून फोटो टाकायच्या आधी वरचे दहा मेसेज वाचतो, आणि तो त्या बोलण्याला काही उत्तर देतोय का नुसता मला दाखवतोय एवढं बघतो. स्वतःचा फोटो टाकूच नये असं नाही, पण वाढदिवसाच्या दिवशी टाका की.

त्याच वादळात अजून एक झालं, कोणीतरी आधीच्या वर्षीचा स्वतःच्याच बागेचा फोटो टाकला, खोटं बोलायला नाही, सहज, ‘माझं पण असंच झालं होतं’ म्हणून, पण खाली काही लिहिलं नाही आणि तो तसाच दहा ग्रुपवर ‘आजचं नुकसान’ म्हणून फिरला, मग खऱ्या नुकसानवाल्यावर पण लोक शंका घ्यायला लागले. ई-पीक पाहणीला, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद करायला, सरकार शेतात उभं राहून फोटो काढायला लावतं, ठिकाणासकट, ते काय उगीच नाही. आपण निदान गाव आणि तारीख दोन शब्दांत लिहावी. आणि हो, ओरिजिनल क्वालिटी पाहिजे म्हणून फोटो डॉक्युमेंट करून पाठवतात त्यांनी लक्षात ठेवा, मोबाईलचं लोकेशन चालू असेल तर त्यात कुठे काढला तेही जातं. शेताचं ठीक आहे, घरातल्या फोटोचं बघा.

पण इकडचं सगळं चांगलं असं म्हणणार नाही. माझ्या पोराच्या बालवाडीत ॲडमिशनलाच फॉर्म असतो, फोटो काढू का, भिंतीवर लावू का, वेबसाइटवर टाकू का, वेगवेगळ्या टिकमार्क. बरोबर आहे. पण निरोपाच्या दिवशी जो ग्रुप फोटो मिळाला त्यात माझा पोरगा एकटा, बाकी सगळ्यांच्या तोंडावर पिवळे स्मायली. पोरगा बुटांवरून ओळखत बसला होता कोण कोण ते. तीन वर्षं ज्यांच्यासोबत खेळला त्यांचा एक चेहरा आमच्याकडे नाही. गावाकडे माझ्या पहिलीच्या फोटोत छत्तीस पोरं आहेत, नाकातला शेंबूड पण दिसतो.

कानबाईचे फोटो शेवटी ॲडमिनने उडवले. पोराने चिडून मोबाईलमधूनपण काढून टाकले. आठ दिवसांनी काकूचाच फोन, सुरतची पोरगी मागतेय, तो हसलेला फोटो पाठव म्हणे. आता कोणाकडे तरी सेव्ह असेलच, पण एवढ्या भांडणानंतर ‘माझ्याकडे आहे’ असं ग्रुपवर कोण म्हणणार. मी विचारून बघितलं. ब्ल्यू टिक आल्या सगळ्यांच्या.