पायात दम असला की कुठलीही सायकल घाट चढते?

डोंगराळ भागात सामान लादून सायकलने फिरायचं म्हटलं की एक सल्ला हमखास पुढे येतो. महागड्या तयारीची गरज नाही. एकवीस गिअरची कुठलीही एमटीबी (डोंगरी वाटांसाठीची जाड टायरची सायकल) घ्या, मागे कॅरिअर लावून सगळं सामान बांधा, टायर टणक भरा, उंचीवर ते फुटू नयेत म्हणून थोडी हवा सोडा. डिस्क ब्रेक असले की उताराची काळजी नाही. बाकी सगळं पायातल्या दमावर.

महागडी सायकल लागत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पुढचं जवळजवळ प्रत्येक वाक्य मात्र नवख्या माणसाला गोत्यात आणणारं आहे, आणि तो अडकतो ते नेमका वस्तीपासून लांब. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“एकवीस गिअर पुरेसे.” गिअर किती आहेत याला काही अर्थ नाही. सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, ते विचारा. हिशेब मांडून पाहू. माणूस ७५ किलो, सायकल १५, सामान आणि पाणी २०, एकूण ११० किलो. चढ ८ टक्क्यांचा, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ८ मीटर वर. पुढची लहान चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) २८ दातांची आणि मागचं सर्वांत मोठं स्प्रॉकेटही (मागच्या चाकावरचं दातेरी चाक) २८ दातांचं असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.१ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी साडेसात किलोमीटर. नुसतं वजन वर न्यायलाच सुमारे १८० वॅट लागतात आणि टायरचं घर्षण धरलं की आकडा २०० वर जातो. एवढा जोर तासन्‌तास, रोज लावणं बहुतेकांच्या आवाक्यात नसतं.

आता पुढे २२ आणि मागे ३६ दात घ्या. त्याच ६० फेऱ्यांना वेग ताशी साडेचारच्या किंचित वर आणि जोर १२० वॅटच्या आसपास. हाच १२० वॅटचा जोर २८-२८ वर लावला तर पाय मिनिटाला ३६-३७ फेऱ्यांवर येतात. प्रत्येक फेरा रेटून मारावा लागतो आणि त्याची किंमत गुडघे मोजतात. दमदार माणसाचेही. शिवाय ५००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यापेक्षा जेमतेम जास्त असतो, त्यामुळे खाली असलेला दम वर तेवढा राहत नाही. पुढचे दात भागिले मागचे दात हे उत्तर ०.६ ते ०.७ च्या दरम्यान आणा. लहान चेनरिंग बसत असेल तर तो सर्वांत सोपा बदल. मागे मोठी कॅसेट (स्प्रॉकेटचा संच) घालणार असाल तर डिरेलर (चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तेवढे दात पेलतो का आणि चेन पुरते का, हे आधी बघा.

“सगळं सामान मागे बांधा.” हा मला सगळ्यात घातक सल्ला वाटतो. माणसाचं निम्म्याहून जास्त वजन आधीच मागच्या चाकावर असतं. त्यात वीस किलो मागेच टाकले की तीव्र चढावर पुढचं चाक हलकं पडतं, हँडल भरकटतं, आणि उतारावर वेग आला की अख्खी सायकल थरथरू लागते. जड आणि आटोपशीर वस्तू, म्हणजे पाणी, शिधा, हत्यारं, पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना खाली बसणाऱ्या लो-रायडर रॅकवर जमिनीलगत ठेवा. स्लीपिंग बॅग, कपडे मागे. डावी-उजवी बाजू समान. (सस्पेन्शन फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा, धक्के शोषणारा चिमटा असेल तर पुढचा रॅक बसवणं अवघड होतं. कच्च्या रस्त्यांसाठीही साधा फोर्क आणि जाड टायर मला जास्त भरवशाचे वाटतात.) रॅकचे बोल्ट रोज सकाळी तपासा, कारण फ्रेम मोडण्याआधी बहुधा तेच ढिले होतात.

मागच्या चाकाचे स्पोक तुटतात तेही या लादण्यामुळेच. एका खड्ड्याने स्पोक क्वचित तुटतो, बहुतेकदा तो थकून तुटतो. चाक फिरताना प्रत्येक स्पोक जमिनीकडे आला की क्षणभर सैल पडतो आणि वर जाताना पुन्हा ताणला जातो. चाक मुळात ढिलं बांधलेलं असेल तर हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्याशी, स्पोक जिथे वाकलेला असतो तिथे धातूला चीर जाते. एकाच बाजूचे स्पोक बोटाने छेडून बघा. आवाज साधारण एकसारखा यायला हवा. एखादा भद्द वाजला तर चाक चांगल्या मेकॅनिककडून ताणून घ्या. मागे ३६ स्पोकचं चाक मिळालं तर उत्तम. सुटे स्पोक घेताना दोन्ही बाजूंच्या लांबीत फरक असतो हे विसरू नका. आणि चेनच्या बाजूचा स्पोक बदलायला बहुधा कॅसेट काढावीच लागते, तेव्हा तिचं हत्यार सोबत हवंच.

“टायर टणक भरा, उंचीवर हवा सोडा.” टायरवर छापलेला मोठा आकडा ही मर्यादा आहे, तेवढी हवा भरलीच पाहिजे असं नाही. ४५ ते ५० मिलिमीटर रुंदीचा टायर त्याहून बऱ्याच कमी दाबावर खडीत चांगली पकड देतो. मागे थोडी जास्त, पुढे कमी. उंचीवर टायर फुटण्याची भीती तर निराधारच आहे. समुद्रसपाटीवरून ५००० मीटरवर गेलं की बाहेरचा दाब साधारण ७ पीएसआयने (टायरच्या हवेचा दाब ज्यात मोजतात ते एकक) घटतो, म्हणजे टायरला तेवढंच जास्त जाणवतं. पण ३० अंशांच्या उकाड्यात ५० पीएसआय भरलेला टायर वर शून्य अंशाला पोचला, तर थंडीने आतली हवा आकसते आणि गेज पुन्हा ५० च्या आसपासच दाखवतं. घाबरून हवा सोडली तर लादलेली सायकल पहिल्याच टोकदार दगडावर रिम आपटते आणि ट्यूबला जोडीने दोन भोकं पडतात.

“डिस्क ब्रेक असले की झालं.” ११० किलो वजन १००० मीटर खाली आलं की सुमारे ११ लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. एवढ्यात तीन लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल. त्यातली काही वारा खातो, पण वळणावळणाच्या रस्त्यावर मोठा वाटा ब्रेकवरच येतो. ब्रेक सतत हलका दाबून धरला तर डिस्कला गार व्हायला सवडच मिळत नाही. पॅड चकचकीत होऊन पकड सोडतात, हायड्रॉलिक असेल तर लिव्हर हँडलपर्यंत आत येऊ लागतो. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग उतरवा आणि मग पूर्ण सोडा. लिव्हर मऊ लागला की थांबा. फोर्क परवानगी देत असेल तर पुढची डिस्क १६० ऐवजी १८० मिलिमीटरची घ्या. लांब उतारांना सिंटर्ड (धातूची पूड तापवून घट्ट केलेले) पॅड जास्त टिकतात, पण काही स्वस्त डिस्कवर फक्त रेझिन (राळेत बांधलेले, मऊ) पॅड वापरा असं छापलेलं असतं, ते वाचा. रिम ब्रेकवरही घाट उतरता येतात, मात्र तिथे रिम तापून ट्यूब फुटू शकते, म्हणून थांबे जास्त घ्यावे लागतात. कुठलाही ब्रेक असो, सुटे पॅड सोबत ठेवा आणि ते आपल्या हाताने निघण्याआधी एकदा बदलून बघा.