तिकडे बसून सल्ले द्यायला काय जातं?

गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर वाद झाला, तो अजून डोक्यातून जात नाही. मी इकडे ब्रिटनमध्ये असतो; भाचा तिकडे आपल्या गावी प्लंबिंगची कामं घेतो, हाताखाली दोन पोरं आहेत, काम चोख. त्याला म्हटलं, स्वतःची धड वेबसाइट कर. त्यावर चौघांनी मिळून मलाच ऐकवलं: वेबसाइटचा जमाना गेला, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम असलं की बास. शेवटी एकाने टाकलंच, "तिकडे बसून सल्ले द्यायला काय जातं?"

जानेवारीत रात्री साडेनऊला आमचा घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला. घरात सहा महिन्यांचं बाळ. फोनवर पाच-सहा साइट उघडल्या; त्यातल्या तीन उघडता उघडेनात, तेव्हा त्या सोडून दिल्या. ज्याला बोलावलं, त्याच्या पानावर सगळ्यात वर नंबर होता, बोट टेकवलं की लागणारा. खाली तो कुठल्या पोस्टकोडमध्ये येतो, रात्रीचा येतो का, आणि गॅस सेफचा, म्हणजे गॅसची कामं करणाऱ्यांच्या इथल्या नोंदणीचा, क्रमांक. क्रमांक रजिस्टरवर ताडून पाहिला, मग फोन लावला. दारात त्याने न मागता त्या नोंदणीचं कार्ड पुढे केलं, मी उलटून मागची बाजू वाचली; कुठली कामं तो करू शकतो ते तिथे असतं. हे सगळं त्या घाईत मला रीलमध्ये कुठे सापडलं असतं? अनोळखी माणसाला घरात घ्यायचं तर एवढं आधी कळायलाच हवं, आणि ते विचारावं लागू नये.

भाचा म्हणतो, काम ओळखीवर येतं. येतं ना, कोण नाही म्हणतो? पण ज्याला आपला नंबर मिळतो, तोही हल्ली आधी नाव टाकून बघतो. तिथे काहीच दिसलं नाही की मनात शंका येते. शिवाय नुसत्या अशा अॅपवर चालवलेला धंदा म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेला धंदा. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप सहा तासांच्या आसपास एकदम बंद होतं. गूगलने बिझनेस प्रोफाइलमधून फुकट करून दिलेल्या छोट्या साइट मार्च 2024 मध्ये बंद केल्या. गूगलवरचं प्रोफाइल हवंच, नकाशात माणूस तिथूनच सापडतो. पण डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, आपलं, आपल्या नावावर हवं.

हे मी कळवळून सांगतो, कारण भाच्याची एक वेबसाइट झाली होती. करणाऱ्याने डोमेन स्वतःच्याच नावावर घेतलं आणि वर्षभरात फोन उचलणं बंद केलं. पहिल्या पानावर पिवळी हेल्मेटं घातलेले हसरे परदेशी कामगार, खाली "गुणवत्तेशी तडजोड नाही". नंबर शोधायला तळापर्यंत जावं लागे. असली साइट बघून कोणीही म्हणेल, वेबसाइटचा उपयोग नाही.

यावेळी मी म्हटलं, तुझे फोटो पाठव. त्याने दोन पाठवले. एकात फोडलेली भिंत, आत गंजून पापुद्रे सुटलेला जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप. दुसऱ्यात त्याच जागी सीपीव्हीसीची, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिक पाइपची, नवी लाइन, क्लॅम्प समान अंतरावर, एकही जोड तिरका नाही. मी कितीतरी वेळ बघत बसलो. त्या हेल्मेटवाल्यांपेक्षा हे दोन फोटो दहापट बोलतात. फक्त आकार कमी करून घालायचे, नाहीतर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. आणि प्रत्येक कामाला वेगळं पान: गळती, गीझर, टाकी, मोटर. ज्याच्या घरात पाणी साचतंय तो "गीझर गळतोय" असं शोधतो, "सर्व प्रकारची कामे" असं नाही. नाव, पत्ता, नंबर साइटवर आणि गूगलवर अक्षरशः एकच. बाकी तांत्रिक गोष्टी मी बघेन म्हटलं.

मग आलं "कुठे कुठे काम करतो" हे पान. या धंद्यात तर सगळं याच्यावरच अडतं. लांबचा फोन आला की वेळ दोघांचाही वाया. म्हटलं, हे मीच लिहितो, आपलाच तर भाग. बसल्या बसल्या अकरा नावं लिहिली.

भाच्याने तासाभरात परत पाठवली. "मामा, यातल्या चार ठिकाणची कामं आता आम्ही घेत नाही. तिथे सोसायट्या झाल्या, त्यांची माणसं ठरलेली असतात." पुढे सात नवी नावं. त्यातलं एकही मी ऐकलेलं नव्हतं. रात्री नकाशा उघडून एकेक शोधत बसलो. ज्या माळावर आम्ही क्रिकेट खेळायचो, तिथे त्या सातांपैकी दोन निघाली. ग्रुपवर मी रविवारी ज्या तोऱ्यात बोललो होतो, तो तोरा त्या नकाशापुढे उरला नाही. तरी वेबसाइटबद्दलचं माझं म्हणणं तसूभरही बदललेलं नाही.

यादी मी त्याने दिली तशीच घातली. खोडलेल्या चारांत आमच्या शाळेमागची वस्ती होती. ते नाव ठेवावं असं दोनदा वाटलं. पण तिथून फोन आला तर भाचा जाणार नाही. पुसून टाकलं.