आठ महिन्यांच्या बाळाला मधाचं सॉर्बे? अजिबात देऊ नका

‘साखर विसरा, मधाचं आंबा सॉर्बे करा’ हा मेसेज गेले आठ दिवस आमच्या नात्यातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. चार हापूस, अर्धी वाटी मध, मिक्सरमधून काढायचं आणि फ्रीझरमध्ये ठेवायचं, की गोठवलेल्या फळाचं सॉर्बे तयार. इथपर्यंत ठीक. खाली मात्र दाव्यांची रांग आहे: मध नैसर्गिक, म्हणून मधुमेहींना चालतो. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळालाही देता येतं, कारण मध उकळून मग गोठवला की जंतू उरतच नाहीत. गोठल्यावर आंब्याची उष्णता जाते. आणि डबा वर्षभर टिकतो.

परवा आईचा फोन आला. ‘अगं, केलंय मी ते सॉर्बे. बाळाला बोटभर चाटवू का?’ भाचा आठ महिन्यांचा आहे, तिच्या मांडीवरच होता, वाटी शेजारी. मी फोनवर ओरडलेच. मग तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण हा मेसेज आणखी कितीतरी आज्यांच्या फोनवर गेला असणार.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. चाटवायचा नाही, दुधात नाही, सॉर्बेत नाही. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते, अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसीही १२ महिन्यांची हीच मर्यादा घालते. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली झोपलेली रूपं, असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांना थारा मिळत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोपच अडवतं. आधी बद्धकोष्ठता होते, मग बाळ नीट ओढून दूध पीत नाही, रडणं क्षीण होतं, पापण्या जड होतात, मान टाकतं. पुढे श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटर लागतो. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात हा आजार ओळखला गेला, त्याला आता पन्नास वर्षं होत आली. तरी आपल्याकडे ‘बाळालाही चालतं’ म्हणून मेसेज फिरतात याची मला चीड येते.

उकळल्यावर जंतू मरतात, हे जिवाणूंबद्दल बरंचसं खरं आहे. बीजाणूंबद्दल नाही. पाणी १०० अंशांवर उकळतं. हे बीजाणू मारायला दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते. पातेल्यात मध कितीही उकळलात तरी भरवसा नाही. आणि फ्रीझरने तर त्यांचं काहीच बिघडत नाही, ते नुसते थांबून राहतात.

आईचं पुढचं वाक्य ठरलेलं होतं: ‘पण हा शुद्ध आहे, महाबळेश्वरहून आणलाय.’ असेलही. तिथलं मांघर हे तर ‘मधाचं गाव’ म्हणून २०२२ मध्ये जाहीर झालेलं गाव. पण बीजाणू मातीत, धुळीत असतात आणि तिथूनच मधात येतात. भेसळ नसलेल्या मधातही ते असू शकतात. त्यामुळे बाळाच्या बाबतीत ‘शुद्ध’ या शब्दाला काही अर्थ नाही. आणि ‘आम्ही तुम्हाला मधातूनच गुटी चाटवली’? चाटवली, आणि आम्ही ठीक आहोत, कारण आजार विरळा आहे. पण ज्या घरात होतो तिथे बाळ आयसीयूत असतं. एका चमच्यासाठी ही जोखीम कशाला घ्यायची?

मधुमेहाचा दावाही तितकाच पोकळ. एका मोठ्या चमचाभर मधात, म्हणजे साधारण २१ ग्रॅममध्ये, १७ ग्रॅम साखरच असते. वर हापूसची स्वतःची. ज्यांना मोजून खायचंय त्यांनी हेही मोजूनच खावं.

एक गोष्ट मान्य करावी लागते: मधाने सॉर्बे मऊ होतं. मधातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजमुळे मिश्रण जास्त खालच्या तापमानाला गोठतं, म्हणून चमचा सहज जातो. गोड काहीच न घालता नुसता रस ठेवला तर दगड होतो, मी करून पाहिलंय. पण हे काम साखरही करते. ५०० ग्रॅम आमरसाला १०० ग्रॅम साखर, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. पसरट स्टीलच्या डब्यात ठेवा आणि कडा धरू लागल्या की दर तासाला काट्याने खरवडून ढवळा, तीन-चार वेळा.

उष्णतेवर मी वाद घालत नाही. आंबे खाण्याआधी पाण्यात घालून ठेवतोच आपण, तेवढं करा. वर्षभर टिकण्याचं म्हणाल, तर उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की डबा वितळतो, आली की पुन्हा गोठतो आणि वर बर्फाचे खडे धरतात. दोन-तीन आठवड्यांत संपवा.

बाळासाठी साखर-मध घालायच्या आधीच दोन चमचे आमरस वेगळा काढा आणि साधाच भरवा. आईने परवा तेच केलं. ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय, त्यांनी त्याच ग्रुपवर आज लिहावं की वर्षाच्या आत मध नाही.