ठाण्याची गाडी आणि 'खरं कारण'

आज संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर दोन काका तावातावाने भांडत होते. एक म्हणे, मुंबईचे शेठ नाना शंकरशेट नसते तर रेल्वे आलीच नसती. दुसरे म्हणे, नाना कसले, इंग्लंडात मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, विषय संपला. चहा गार झाला, पण 'खरं कारण' काही सुटेना.

डोकं फिरतं अशाने! अहो, आधी प्रश्न तरी ठरवा. भारतात रेल्वे का आली, हा एक. १८५३ लाच का, हा दुसरा. १६ एप्रिलला मुंबईहून सुटलेली ती १४ डब्यांची, ४०० पाहुण्यांची पहिली गाडी ठाण्यालाच का थांबली, हा तिसरा. उत्तरं वेगळी येणारच.

पहिल्याला कापूस चालतो. १८४६ ला अमेरिकेतलं पीक बुडालं, लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या भागातल्या, गिरण्या हवालदिल झाल्या. पण दुसऱ्याला तेवढं पुरत नाही, नुसती गरज असून रूळ पडत नाहीत. १८४९ ला ईस्ट इंडिया कंपनीने रेल्वे कंपनीशी केलेल्या करारात भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी मिळाली, तेव्हा कुठे लंडनच्या शेठजींचे खिसे सैल झाले. तिसऱ्याचं उत्तर तर आपल्या खाडीत आहे. लाईन कल्याणपर्यंत न्यायची होती, त्यासाठी खाडीवर पूल हवा. गाडी कल्याणला पोचली १ मे १८५४ ला. इथे ना नाना, ना मँचेस्टर.

इतिहासाचे विचारवंतही काकांसारखेच एकच कारण धरून बसतात. कार्लाईलवाले थोर पुरुष शोधत बसतात, हेगेलवाले इतिहासाचं शेवटचं स्टेशन आधीच ठरवून टाकतात. मार्क्सचं बरंचसं पटतं, मान्य. ठाण्याची गाडी सुटून चार महिने होत नाहीत तोच, ८ ऑगस्ट १८५३ ला न्यूयॉर्कच्या पेपरात त्याने लिहिलं की रेल्वेमागून आधुनिक उद्योग येतील. आले. पण जातीवरची कामाची वाटणीही मोडेल, असंही तो म्हणाला होता. गटारात आजही कोण उतरतं?

असो. नानांवर राग नाही हो. कारण तपासायचं तर ते काढून बघायचं. नाना काढा: रेल्वे बहुधा येतेच, पण मुंबईच्या शेटियांचा भरवसा तिच्यामागे असा उभा राहतो का? कापूस काढा: आता फसतं, कारण कापसाची निकड नसती तर हमीसाठी जोर तरी कोणी लावला असता? एक वीट काढली की शेजारची हलते, हेच कोणी धरत नाही. आणि रेल्वेसाठी धडपडणाऱ्या नानांना १८४५ ला काय दिसत होतं, ते त्यांच्या जागी उभं राहूनच कळेल. इतिहासाचा तत्त्वज्ञ कॉलिंगवूड हेच सांगतो, त्याचं तेवढं ऐकावं.

दोघे काका शेवटी एकाच रिक्षात बसले. भाडं कोणी द्यायचं यावर पुन्हा जुंपली, आणि तिथे मात्र दोघांकडेही तीन-तीन कारणं होती.