‘नेहमीप्रमाणे कंपाइल करावे’

दोनापावला, ताळगावचे पठार, झुआरीनगर, फर्मागुढी अशा ठिकाणी बसून समुद्राच्या लाटा, मान्सूनचे ढग आणि रेणूंच्या हालचाली संगणकावर मांडणारी मंडळी गोव्यात बरीच आहेत. त्यांतील प्रत्येकावर कधी ना कधी एक अप्रिय प्रसंग येतो: मोठ्या खटपटीने चालू केलेले सॉफ्टवेअर नेमके कसे चालू केले, ते लिहून ठेवा असे कोणीतरी सांगते. हे काम टाळता आले तर उत्तमच. टाळता येत नसेल तर ते अशा बेताने पार पाडावे की नोंद लिहिल्याचे श्रेय आपल्याला मिळेल, परंतु ती वाचून कोणाचेही काम होणार नाही आणि प्रत्येकाला अखेर आपल्याच टेबलापाशी यावे लागेल.

त्यासाठी मुख्य पथ्य असे, की काम चालू असताना काहीही लिहू नये. फसलेल्या कमांड, मध्येच बदललेली लायब्ररी (प्रोग्रामला लागणारा, दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड), रात्री कधीतरी सुचलेला तो एक फ्लॅग (कमांडला जोडायची सूचना) हे सगळे ताजे असताना टिपून ठेवले, तर नोंद खरी उतरण्याचा धोका असतो. प्रोग्राम चालू लागल्यावर काही आठवडे जाऊ द्यावेत आणि मग आठवेल तसे लिहावे. लिहिण्यासाठी वर्डच वापरावा, कारण या कामी त्याच्यासारखा सहकारी दुसरा नाही. बांधणीआधी यंत्राची तपासणी करणाऱ्या ‘कॉन्फिगर’च्या कमांडमध्ये, सॉफ्टवेअर कुठे बसवायचे हे सांगणाऱ्या ‘प्रीफिक्स’च्या आधी आपण दोन आखूड रेघा टंकतो, वर्ड आपल्याला न विचारता त्यांची एक लांब रेघ करतो, आणि पानावर ती अधिक सुबक दिसते. वाचणारा ती ओळ जशीच्या तशी उचलून टर्मिनलमध्ये चिकटवतो. स्क्रीनवर उमटते की व्हेरिएबलचे हे नाव चालणार नाही. तो बिचारा व्हेरिएबल शोधू लागतो, आणि रेघेकडे त्याचे लक्ष जाईपर्यंत दुपार टळलेली असते. सरळ अवतरणचिन्हे वाकडी करण्याचे कामही वर्ड विनामूल्य करून देतो.

मजकुराचे म्हणाल तर ‘आवश्यक त्या लायब्ररी आधी बसवून घ्याव्यात’ आणि ‘नेहमीप्रमाणे कंपाइल करावे’ (म्हणजे कोडचा यंत्राला चालवता येईल असा प्रोग्राम करावा) या दोन वाक्यांवर पानभर नोंद सहज उभी राहते. आपल्याकडे खेड्यात ‘पूर्वी जिथे तावेर्न होते तिथून उजवीकडे’ असा पत्ता सांगतात, आणि ऐकणारा गावचाच असेल तर तो पोहोचतोही. लायब्ररींची नावे याच रीतीने द्यावीत. हवामानाची आणि समुद्राची आकडेवारी साठवणाऱ्या लायब्ररीसाठी ‘नेटसीडीएफ लागेल’ एवढे पुरे. आधी तिच्या पायाशी असलेली एचडीएफ५, मग सी भाषेतील नेटसीडीएफ आणि त्यानंतर फोर्ट्रान भाषेचे नेटसीडीएफ असा क्रम असतो, किंवा ४.२ या आवृत्तीपासून फोर्ट्रानचा भाग वेगळा करण्यात आला असून तो स्वतंत्रपणे बसवावा लागतो, हे लिहून वाचकाच्या बुद्धीचा अपमान करू नये. ही सर्व साखळी एकाच कंपाइलरने बांधलेली असावी, हे तर मुळीच सांगू नये. फोर्ट्रानची मॉड्यूल फाइल दुसऱ्या आवृत्तीच्या कंपाइलरने केलेली असेल तर जीफोर्ट्रान हा फोर्ट्रानचा कंपाइलर ती वाचण्यास साफ नकार देतो आणि नकाराचे कारणही स्पष्ट शब्दांत छापतो. तेव्हा कंपाइलरनेच ज्याची सोय केली आहे, ते आपण कशाला लिहा?

हवामानाचे डब्ल्यूआरएफ हे प्रारूप वापरणाऱ्यांचे भाग्य याहून थोर. त्याची कॉन्फिगर स्क्रिप्ट कंपाइलर आणि समांतर गणनेचे प्रकार यांची क्रमांकवार यादी समोर ठेवते आणि त्यांतून एक आकडा मागते. आपल्या नोंदीत ‘३४ द्यावा’ एवढेच असावे. लिनक्सवर अनेक वर्षे चाललेल्या यादीत ३४ म्हणजे जीफोर्ट्रान आणि एमपीआय या समांतर गणनेच्या पद्धतीची जोडी होती. पण यादी यंत्रानुसार आणि आवृत्तीनुसार बदलते, म्हणून तो आकडा कशाचा हे लिहिले की वाचणारा नव्या यादीतही योग्य ओळ शोधून काढतो आणि आपली गरज तिथेच संपते. त्याचप्रमाणे कंपाइल संपल्यावर काय दिसले पाहिजे, याविषयी मौन पाळावे. प्रत्यक्ष हवामानासाठी केलेल्या बिल्डमध्ये, म्हणजे बांधणीत, चार एक्झिक्युटेबल (चालवता येणाऱ्या फाइली) तयार होतात आणि ती झाली नसतील तर लॉगच्या शेवटी काहीही छापलेले असले तरी काम फसलेले असते, ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही तो हजारो ओळींचा लॉग वरपासून वाचतो, आणि वाचन हे केव्हाही चांगलेच.

आता फ्लॅगविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण खरी कला इथे आहे. फ्लॅग द्यावा, कारण देऊ नये. २०२० साली आलेल्या जीसीसी १० या कंपाइलर-संचापासून जीफोर्ट्रान कडक झाला: एकाच सबरूटीनला (उपप्रोग्रामला) एके ठिकाणी पूर्णांक आणि दुसरीकडे दशांश संख्या पाठवणारा जुना कोड, जो आधी निमूटपणे पुढे जाई, तो आता चूक म्हणून अडवला जातो. ती अडवणूक सौम्य करून नुसत्या इशाऱ्यावर भागवण्यासाठी ‘अलाऊ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ नावाचा फ्लॅग आहे. हा फ्लॅग कोणत्या जुन्या लायब्ररीसाठी घातला, हे लिहिले तर ती लायब्ररी सुधारल्यावर कोणीतरी तो काढून टाकेल. न लिहिल्यास तो पिढ्यान्‌पिढ्या राहील, नव्या विद्यार्थ्याने काल लिहिलेल्या कोडलाही लागेल आणि त्याची खरी चूक झाकील. कुलाचार असाच टिकतो.

‘मार्च नेटिव्ह’ हा फ्लॅगही हात सैल सोडून वापरावा. ज्या प्रोसेसरवर कंपाइल केले त्याच्या खास सूचना तो वापरतो, त्यामुळे लॉगिन नोडवर (आपण जिथे कमांड देतो त्या यंत्रावर) नवा प्रोसेसर आणि गणना करणाऱ्या नोडवर जुना असेल तर प्रोग्राम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पहिल्याच पावलाला कोसळतो. वाचणारा आपले इनपुट तपासत बसतो, आणि त्यातून त्याला इनपुटची चांगली ओळख होते. ‘फास्ट-मॅथ’ तर याच्याही पुढचा आहे. तो कंपाइलरला बेरजेचा क्रम बदलण्याची मुभा देतो, त्यामुळे शेवटचे अंक बदलतात. शिवाय कुठेही ‘संख्या नव्हे’ (एनएएन) असे मूल्य येणारच नाही असे तो धरून चालतो, तेव्हा आपण कोडमध्ये लिहिलेली त्याची तपासणी कंपाइलर खुशाल गाळू शकतो. जमिनीच्या चौकटी ज्यांनी त्या चिन्हाने भरून ठेवल्या आहेत, त्यांच्या सरासरीत मग सह्याद्री शिरतो आणि बघता बघता सगळा अरबी समुद्र ‘संख्या नव्हे’ होऊन बसतो. वातावरणाच्या प्रारूपात शेवटच्या अंकातला फरक दिवसागणिक वाढतो, हे तर सर्वांनाच ठाऊक आहे. मे २०२१ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यासमोरून गेलेल्या तौक्ते वादळाचे गणित तुम्ही एका बिल्डवर केले आणि तुमच्या विद्यार्थिनीने दुसऱ्या, तर दोघांचे वादळ दोन वाटांनी जाऊ शकते. अशा वेळी तिच्या ग्रिडविषयी शंका काढावी. फ्लॅगचा विषय निघूच देऊ नये.

कमांडमधले पाथ (फाइलींचे पत्ते) आपल्याच होम फोल्डरचे असावेत, आणि कंपाइलर आणि लायब्ररी हाताशी आणणाऱ्या ‘मॉड्यूल लोड’च्या ओळी नोंदीत न लिहिता, खाते उघडताच आपोआप चालणाऱ्या आपल्या बॅशआरसी फाइलमध्ये दडवून ठेवाव्यात. यामुळे लिहिलेली प्रत्येक कमांड आपल्या खात्यावर शंभर टक्के खरी ठरते.

इतके करूनही एक विघ्नसंतोषी उरतो, तो म्हणजे यंत्र स्वतः. कॉन्फिगर चालवले की कॉन्फिग-लॉग नावाच्या फाइलीत अगदी सुरुवातीलाच दिलेली कमांड, यंत्राचे नाव आणि ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती अक्षरशः उतरते. सीमेक हे बांधणीचे दुसरे साधनही आपली सर्व निवड कॅशेच्या फाइलीत लिहून ठेवते. आणि नेटसीडीएफला तर ‘एनसी-कॉन्फिग’ला ‘ऑल’ जोडून विचारले की ते आपण कसे बांधले गेलो याची सगळी कुंडली मांडते. माणसाने न लिहिण्याचे एवढे कष्ट घ्यावेत आणि यंत्राने ते आपणहून लिहावे, याला काय म्हणावे? त्या फाइली उचलून नोंदीशेजारी ठेवल्या तर अर्धे काम आपोआप होईल, म्हणून इन्स्टॉल होताच ‘मेक डिस्टक्लीन’ ही साफसफाईची कमांड द्यावी आणि बिल्डचे फोल्डर उडवून द्यावे. कमांडचा इतिहास पुसण्याची तसदी घ्यावी लागत नाही. बॅशला वेगळे काही सांगितले नसेल तर तो शेवटच्या ५०० कमांड लक्षात ठेवतो, आणि चार दिवस इकडून तिकडे फोल्डर बदलत राहिले की त्या तशाही वाहून जातात.

ही नोंद दुसऱ्याकडून, कोऱ्या खात्यावर, आपण शेजारी न बसता करून पाहण्याची सूचना एखादा उत्साही सहकारी करील. त्याला चतुर्थीनंतर बघू असे सांगावे. चतुर्थीत आपण सत्तरीतल्या गावी असतो, फोनला रेंज मिळाली तर मिळते, आणि नेमका तेव्हाच डिचोलीहून आलेल्या नव्या जेआरएफ (कनिष्ठ संशोधक) मुलीचा फोन येतो. “सर, सॉरी, लिंक करताना लायब्ररी सापडत नाही असं म्हणतोय.” मागे घुमटांचा गजर चालू असावा. आपण कपाळाला आठी घालून, पण मायेने विचारावे, “बाय, पाथ दिलास का?” कोणता पाथ, कशाचा, कुठल्या फाइलीत, हे तिने विचारण्याआधी आरती वरच्या लयीला जाते आणि रेंजही जाते.

निबंध छापायला पाठवल्यावर जर्नलवाले हाच प्रश्न सभ्य भाषेत विचारतात, कारण कोड आणि तो कसा बांधला याची माहिती हल्ली निबंधासोबत मागतात. तिथे ‘विनंती केल्यास लेखकाकडून उपलब्ध होईल’ असे लिहावे आणि संपर्कासाठी ईमेलचा पत्ता मागच्या संस्थेचा द्यावा.