कागद काढला म्हणजे जमिनीवर डोळा?

काका, नमस्कार. आईबाप नसलेल्या मुलाला सांभाळणाऱ्यानं कोर्टाकडून पालकत्वाचा कागद काढून घ्यावा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर "सख्ख्या चुलत्याला पुतण्या सांभाळायला कोर्टाचा कागद कशाला? आमच्या कागलात आईबापाविना पोरं काकू-मावशीनं वाढवली. कागद काढणाऱ्याचा डोळा पोराच्या जमिनीवर असतो," असं तुम्ही लिहिलंय. शेवटचं वाक्य लागलं. पण ही शंका आमच्या भावकीतही आली होती, म्हणून सविस्तर लिहितो.

2021 मध्ये दीड महिन्यात भाऊ गेला, मागोमाग वहिनी. पुतण्या नऊ वर्षांचा. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी माझ्या मुलाशेजारी त्याचं अंथरूण पडलं, त्याला कुणाचा कागद लागला नाही. तिथवर तुमचं बरोबर आहे. अडलं ते त्याच्या नावच्या विम्याच्या पैशापाशी. बँकेत म्हणाले, चुलते आहात हे मान्य, पण कायद्यानं पालक कोण? 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात (अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचं मूल) नैसर्गिक पालक म्हणजे आईवडील. चुलता, मामा, आजी त्यात नाहीत.

आता जमीन. सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढं 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अज्ञान मुलाचा सांभाळ करणारा) म्हणून आपलं नाव लागलं की विकायचा हक्क मिळाला, असं गावाकडं बरेच जण समजतात. तसा हक्क मिळत नाही. नुसता सांभाळ करणाऱ्याला अज्ञानाची मिळकत विकता येत नाही, हे त्याच कायद्याचं कलम 11. आणि 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टानं मिळकतीचा पालक नेमला, तरी कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याला जमीन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, पाच वर्षांवर खंडानंही देता येत नाही. कोर्ट हिशेब मागू शकतं. म्हणजे डोळा असलेल्या माणसानं कागदापासून लांबच राहावं, काका! कसबा बावड्याच्या कोर्टात पालकत्वासाठी मी जो अर्ज केला, त्यानं माझेच हात बांधले गेले, आणि ते बांधलेले असावेत असं मला मनापासून वाटतं. माझ्या माघारी माझी मुलं त्याच्याशी कशी वागतील, हे मी आज कसं सांगू?

एक चूक मात्र माझी. आईबाप हयात असून कामासाठी परगावी असतील, तर पालक तेच राहतात. शाळेला त्यांचं लेखी संमतीपत्र द्यावं, लगेच कोर्टात धावू नये. माझ्या लेखात हे यायला हवं होतं.

2030 ला तो अठरा पूर्ण करील. त्याच्या जमिनीतल्या उसाच्या प्रत्येक बिलाची फाईल त्या दिवशी त्याच्या हातात देणार आहे. तुम्ही या, समोर बसून बघा.