‘मेन बंद केला की पुरे’ हे खरे नाही: जनरेटर जोडणीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

पाऊस सुरू होऊन माडाची चुडते तारांवर पडू लागली की गोव्यातील व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : चेंजओव्हर स्विचवर (बाहेरची वीज किंवा जनरेटर यांपैकी एकच घराला जोडणाऱ्या स्विचवर) पैसे घालवू नका; मेन स्विच बंद करा, दोन्ही टोकांना पिनटॉप (प्लग) लावलेली वायर घ्या, तिचे एक टोक जनरेटरला व दुसरे घरातील पॉवर सॉकेटला जोडा, म्हणजे घरभर वीज येईल. मेन बंद असल्याने वीज बाहेर जात नाही. गेली तरी छोटा जनरेटर बंद पडतो. लाइनमन तारा अर्थ करूनच (जमिनीशी जोडूनच) काम करतात. जनरेटरला वेगळे अर्थिंग लागत नाही. आणि दिवे मंद झाले तर थ्रॉटल (इंजिनाचा वेग) वाढवावा, असे पाच मुद्दे त्यात आहेत. फोंडा तालुक्यातील एका घरी अशीच वायर मी स्वतः काढून टाकली आहे. त्यामुळे या मुद्द्यांना सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा स्मरणशक्तीवर विसंबून आहे. रात्री शेजारच्या घरात दिवे लागलेले पाहून घरातील दुसऱ्याच कोणी मेन चालू केला, तर चालू जनरेटर थेट वीज खात्याच्या लाइनला जोडला जातो. त्या वेळी लाइनमध्ये वीज आलेली असेल, तर दोन्ही विजांच्या लहरींचा मेळ नसल्याने जनरेटरचे वाइंडिंग जळू शकते. आलेली नसेल, तर जनरेटरची वीज खांबापर्यंत पोहोचते. शिवाय जुन्या घरांत मेन म्हणून अनेकदा फक्त फेजमधील (वीज आणणाऱ्या तारेवरचा) किटकॅट, म्हणजे हाताने काढता येणारा फ्यूज असतो. तो काढला तरी न्यूट्रल (परतीची तार) जोडलेलाच राहतो. आणि त्या वायरचा पिनटॉप सॉकेटमधून निसटला, तर त्याच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात. एवढ्या एका कारणासाठीही अशी वायर कोणत्याही घरात असता कामा नये.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, आणि म्हणूनच तो अधिक घातक आहे. संपूर्ण वाड्याचा (वस्तीचा) भार अंगावर आला तर ५ केव्हीए क्षमतेचा जनरेटर बहुधा गुदमरतो, हे मान्य. परंतु वीज जाते तेव्हा तार अनेकदा कुठेतरी तुटलेली असते किंवा दुरुस्तीसाठी लाइनचा तो भाग वेगळा केलेला असतो. मग जनरेटरवर दोन-चार घरांचाच भार येतो आणि तो चालू राहतो. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो : ११ हजार व्होल्टचे घरगुती दाबात रूपांतर करणारा तोच ट्रान्सफॉर्मर खालून २३० व्होल्ट मिळाले की वरच्या तारांवर सुमारे १० हजार व्होल्ट निर्माण करतो. माणसाचा जीव जायला मोठा प्रवाहही लागत नाही; अँपिअरच्या दहाव्या भागाएवढा प्रवाह हृदयातून गेला तरी ते बंद पडू शकते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने राज्यभर झाडे आणि खांब पाडले, तेव्हा लाइनमन भर पावसात खांबांवर चढलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत.

लाइनमन तारा अर्थ करतात हे खरेच आहे. परंतु अर्थिंगची साखळी चढवेपर्यंत तार कोणाच्या तरी हाताखाली असतेच, आणि तुटून अंगणात लोंबणाऱ्या तारेला हात लावणारा नेहमी लाइनमनच असतो असे नाही.

अर्थिंगचा मुद्दा गोव्यात विशेष गंभीर आहे, कारण येथील जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की विजेला सहज वाट देत नाही. नुसता जमिनीवर ठेवलेला जनरेटर म्हणजे अर्थ केलेला जनरेटर नव्हे. त्याच्या बॉडीला आणि न्यूट्रलला नीट अर्थ इलेक्ट्रोड हवा. न्यूट्रल अर्थ नसेल, तर गळती झाली तरी प्रवाहाला परतीची वाट मिळत नाही आणि आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडत नाही. सॉकेटमधून उलटी वीज भरली, तर मेनजवळचा आरसीसीबी तसाही वाटेत येत नाही. ५ केव्हीएचा पूर्ण भार सुमारे २२ अँपिअर होतो. सॉकेट आणि त्याची वायर असते १६ अँपिअरची. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच) सारखा पडतो म्हणून लोक तो बदलून मोठा बसवतात, आणि भिंतीतील वायर तापू लागते.

थ्रॉटल वाढवण्याचा सल्ला तर उपकरणांच्या मुळावर उठणारा आहे. चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) जनरेटरला ५० हर्ट्झसाठी मिनिटाला १५०० फेरे लागतात, दोन पोलच्या छोट्या यंत्राला ३०००. म्हणून आधी मीटरवर फ्रिक्वेन्सी पाहावी. ती ५०च्या आसपास असून व्होल्टेज कमी असेल, तर दोष इंजिनात नसून एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग), कार्बन ब्रश किंवा सैल टर्मिनल यांत शोधावा. भार पडताच फ्रिक्वेन्सीही खाली येत असेल, तर भार जास्त आहे, डिझेल फिल्टर तुंबला आहे किंवा इंधनाच्या नळीत हवा शिरली आहे. भार नसताना ५२ हर्ट्झ दिसणे मात्र स्वाभाविक आहे. दोष न शोधता वेग वाढवला, तर भार कमी होताच फ्रिक्वेन्सी आणि बहुधा व्होल्टेजही चढते, आणि फ्रिज, पंखे, पंप यांच्या मोटारी त्याचा फटका खातात.

योग्य जोडणी अवघड नाही. सिंगल फेज घराला दोन पोलचा (दोन तारा बदलणारा), थ्री फेजला चार पोलचा चेंजओव्हर हवा, म्हणजे न्यूट्रलही बदलतो. मेन, बंद आणि जनरेटर अशा तीन जागांपैकी एका वेळी एकच जागा यांत्रिकरीत्या शक्य असल्याने कोणाच्याही विसरण्याने दोन्ही स्रोत एकत्र येत नाहीत. तो परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावा, आणि ती दोन पिनटॉपची वायर त्याच दिवशी कापून टाकावी.